मिनिएचरच्या छोट्या भागांच्या प्रती: साचा, पुट्टी आणि रेझिन

मिनिएचर, म्हणजे बोटाएवढ्या छोट्या मूर्ती, जमवताना दहा सैनिकांची तुकडी उभी करायची असते आणि मनासारखं खांदाकवच एकच असतं. किंवा स्वतः घडवलेलं चिन्ह पंधरा ढालींवर हवं असतं, पण हाताने पंधरा वेळा घडवलं तर पंधराही वेगळी दिसतात. अशा वेळी एक भाग नीट तयार करायचा, त्याचा साचा घ्यायचा आणि हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. २८ ते ३२ मिमीच्या मिनिएचरचे भाग इतके लहान असतात की हे सगळं काम टेबलाच्या एका कोपऱ्यात होतं.

सगळेच भाग या कामाला सारखे योग्य नसतात. खांदाकवच, ढाल, शिरस्त्राण, पाठीवरची पिशवी, कमरेचे पाउच, कवटी, पदकं, बेसवरच्या फरशा यांच्या प्रती छान निघतात. भाल्याची काठी, अँटेना, नळी, साखळी यांच्यासाठी साचा करण्यात अर्थ नाही. काठी पितळी तारेची करावी आणि फक्त भाल्याच्या पात्याचा साचा घ्यावा. सबंध आकृतीच्या वाटेला तर सुरुवातीला जाऊच नये. पसरलेले हात, पायांमधली पोकळी आणि घडी पडलेला अंगरखा एकाच साच्यात आले की साचा फाटतो, नाहीतर प्रत तुटते.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. विकत घेतलेल्या किटमधल्या भागाची घडण त्याच्या निर्मात्याची असते. अशा भागांच्या प्रती विकणं किंवा वाटणं चूक आहे, आणि स्वतःपुरत्या प्रतींबाबतही कायदा देशागणिक वेगळा असतो. स्वतः घडवलेले भाग किंवा ज्यांच्या प्रती काढायला निर्मात्याने मुभा दिली आहे असे भाग घ्या. खरा आनंदही त्यातच आहे.

आधी सांधा ठरवा

साहित्य कुठलंही वापरा, कामाचं यश एका निर्णयावर ठरतं: साच्याचे दोन अर्धे प्रतीवर नेमके कुठे भेटणार? तिथे एक बारीक रेघ उमटणारच. ती कुठे उमटू द्यायची हे आपल्या हातात असतं, आणि बहुतेक फसलेल्या साच्यांमध्ये नेमका हाच विचार झालेला नसतो.

भाग दिव्याखाली धरून बरोबर वरून पाहा. जो पृष्ठभाग दिसतो तो वरच्या अर्ध्याचा, जो दिसत नाही तो खालच्या अर्ध्याचा. दोहोंच्या सीमेवर मऊ पेन्सिलीने रेघ मारा. जो कोपरा वरूनही दिसत नाही आणि खालूनही दिसत नाही तो अंडरकट, म्हणजे आत वळलेली खाच. साच्याचा पदार्थ तिथे शिरतो आणि प्रतीला अडकवून ठेवतो. मऊ सिलिकॉन बारीकसा अंडरकट वाकून सोडून देतं, कडक साचा सोडत नाही. खोल अंडरकट असेल तर भाग दुसऱ्या बाजूने फिरवून पाहा. तरीही सुटत नसेल तर खाच प्लॅस्टिसिनने, म्हणजे न वाळणाऱ्या मऊ मातीने, भरा आणि प्रत निघाल्यावर ती चाकूने कोरा.

रेघ कंगोऱ्यावर असू द्या, सपाटीवर नको. तलवारीचा सांधा पात्याच्या धारेवरून न्यावा, बंदुकीचा नळीच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून. शिरस्त्राणाचा सांधा एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत गेला पाहिजे. तो नाकावरून गेला तर रेघ साफ करताना चेहऱ्याची बारकाई जाते. तुरा असेल तर शिरस्त्राण उभं दुभागून सांधा तुऱ्याच्या कण्यावरून नेण्याचा मोह होतो, पण मग तीच रेघ चेहऱ्यावरून खाली उतरते. अशा वेळी तुरा वेगळा कापून त्याचा स्वतंत्र साचा करणं सोपं. जी बाजू शरीराला चिकटणार, जसं पाठपिशवीची मागची बाजू, पाउचचा तळ, मानेची खुंटी, तीच सपाट बाजू मानून काम केलं तर पुष्कळदा एकाच अर्ध्याचा साचा पुरतो.

मूळ भाग तयार करणं

साचा सगळं उचलतो. बोटाचा ठसा, कानशीचा ओरखडा, आधीची सांध्याची रेघ, धुळीचा कण, सगळं प्रत्येक प्रतीवर येणार. म्हणून मूळ भागावरच्या जुन्या रेघा आधी चाकूच्या धारेच्या पाठीने तासून काढा, बारीक कानस फिरवा, मग ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासा. खोचा पुट्टीने भरा. साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळू द्या. रंगवलेला भाग मूळ म्हणून घेऊ नका, रंगाच्या थरांनी बारकाई आधीच बुजलेली असते. प्रतीची प्रत काढणंही टाळा, दर पिढीला कडा बोथट होत जातात.

पोकळ भागांची पोकळी आतून प्लॅस्टिसिनने भरून टाका. ढालीसारख्या पातळ भागाची जाडी १ मिमीपेक्षा कमी असेल तर मागून प्लॅस्टिकचा पातळ पत्रा चिकटवून ती वाढवा, नाहीतर प्रती अर्धवट भरलेल्या निघतील.

गरम पाण्यात मऊ होणारा साचा

चार-सहा प्रती हव्या असतील तर हीच पद्धत. ब्लू स्टफ, इन्स्टंट मोल्ड, ओयुमारू अशा नावांनी कांड्या मिळतात. गरम पाण्यात त्या मऊ होतात, गार झाल्यावर रबरासारख्या घट्ट होतात, आणि काम झालं की पुन्हा गरम करून वापरता येतात. इन्स्टंट मोल्ड साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ होतं. ब्लू स्टफ आणि ओयुमारूला जास्त गरम, उकळीच्या जरा खालचं पाणी लागतं.

कांडीचा लागेल तेवढा तुकडा कापून दोन-तीन मिनिटं पाण्यात ठेवा आणि चिमट्याने बाहेर काढा. यानंतरची पायरी अनेकजण गाळतात: तुकडा कापडात दाबून पूर्ण कोरडा करा आणि मळून घ्या. घडीत अडकलेला पाण्याचा एक थेंब मूळ भागावर दाबला गेला की साच्यात तेवढा खळगा राहतो आणि प्रत्येक प्रतीवर तिथे पुटकुळी येते. मळलेल्या गोळ्याची एक बाजू बोटाने ताणून गुळगुळीत करा. हीच बाजू भागावर जाणार.

मूळ भाग काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर उताणा ठेवा, सपाट बाजू खाली. गोळा मधोमध टेकवून बाहेरच्या दिशेने दाबत न्या, म्हणजे हवा कडेने निसटते. कडेकडून सुरुवात केली तर हवा मध्ये कोंडते. भाग पॉलिस्टायरीनचा (किटमधल्या कडक प्लॅस्टिकचा) आणि पातळ असेल तर गोळा पाण्यातून काढल्यावर काही सेकंद थांबून मग दाबा. तापलेल्या गोळ्याखाली तलवारीचं पातं सहज वाकतं. साच्याची भिंत सगळीकडून निदान ५ मिमी जाड ठेवा. पातळ भिंतीचा साचा पुट्टी दाबताना फाकतो आणि प्रत फुगीर येते.

मग सगळं गार पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. वरून गार लागला तरी साचा आतून कोमट असू शकतो. तेव्हा भाग उपसला तर साचा ताणला जातो आणि तसाच राहतो. पूर्ण गार झाल्यावर साचा कडेने हलका वाकवून भाग सोडवा. भिंगाखाली पाहा. कडा बोथट वाटल्या तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, पुन्हा गरम करून नवा ठसा घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

दोन अर्ध्यांचा साचा हवा असेल तर पहिला अर्धा पेन्सिलीच्या रेघेपर्यंत दाबून घ्या आणि मऊ असतानाच ब्रशच्या मागच्या टोकाने चार कोपऱ्यांत खळगे पाडा. दुसऱ्या अर्ध्याचे उंचवटे त्यात बसतील आणि अर्धे सरकणार नाहीत. एक खळगा मुद्दाम वेगळ्या अंतरावर पाडला तर अर्धे उलटे बसायची भीती नाही. पहिला अर्धा पूर्ण गार करा, भाग आतच राहू द्या, उघड्या पृष्ठभागावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा आणि मग दुसरा गरम गोळा दाबा. हा पदार्थ गरम असताना स्वतःलाच चिकटतो, जेली विसरलात तर दोन्हींचा एकच गोळा होईल. जेली जाड लागली तर मात्र तिचे ब्रशचे फराटे प्रतीवर उमटतात.

पुट्टी कोणती आणि कशी

या साच्यात भरायला एपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन भाग मळून एकत्र केले की घट्ट होणारी पुट्टी, उत्तम. ग्रीन स्टफ म्हणजे निळा आणि पिवळा भाग मिसळून हिरवी होणारी पुट्टी. ती बारकाई छान उचलते आणि घट्ट झाल्यावरही किंचित लवचिक राहते, म्हणून पट्टे, कापड, पिसं, पातळ पदकं यांना योग्य. पण ती घासता येत नाही, पॉलिश पेपर लावला की पृष्ठभागाला लव येते. मिलिपुट उलट स्वभावाची: कडक होते, सुरेख घासली जाते, पण पातळ कड ठिसूळ राहते. चिलखत, शस्त्र, यंत्राचे भाग यांच्यासाठी दोन्ही पुट्ट्या आधी वेगवेगळ्या मळून मग समान प्रमाणात एकत्र करा. हे मिश्रण धार धरतं आणि घासताही येतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच वापरावं.

ग्रीन स्टफ पट्टीच्या रूपात असेल तर निळा-पिवळा जिथे भिडलेले असतात तिथली एक-दोन मिमीची मधली पट्टी कापून टाका. तिथे पुट्टी आधीच घट्ट झालेली असते आणि तिच्या बारीक गुठळ्या कितीही मळलं तरी विरत नाहीत. उरलेले रंग समान घ्या. निळा थोडा जास्त घेतला तर प्रत कडक होते, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट. एकही रंगीत रेषा उरणार नाही इतकं मळा, साधारण पाच मिनिटं. मळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, कच्च्या एपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि ती एकदा जडली की सुटत नाही.

मळल्या मळल्या पुट्टी फार चिकट असते. दहा-पंधरा मिनिटं थांबा. साच्याला तेलाचं ओलसर बोट फिरवा, थेंब राहता कामा नये. आता मोहरीएवढा कण घेऊन तो सर्वांत खोल तपशिलात टोकदार काडीने किंवा रबरी टोकाच्या ब्रशने चोळून बसवा, मग पुढचा कण, आणि शेवटी उरलेली जागा एकदम भरा. सबंध गोळा एकदम दाबला तर तळाशी हवा राहते आणि नेमकं नाक, रिव्हेट किंवा कवटीचे दात गायब होतात. एका बाजूच्या साच्यात वरची पुट्टी ओल्या पात्याने साच्याच्या कडेला समतल कापा. दोन अर्ध्यांच्या साच्यात दोन्हीकडे किंचित जास्त भरा, खळगे जुळवून एकदाच सरळ दाबा, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये धरून रबरबँड लावा. जास्त झालेली पुट्टी पातळ पापुद्र्यासारखी बाहेर येते. पापुद्रा जाड असेल तर अर्धे नीट मिटलेले नाहीत, म्हणजे प्रतही तेवढीच जाड झाली आहे.

साचा मिटण्याआधी कडेला पुट्टी जायला छोटी पन्हळ कोरून ठेवली तर मिटायला बळ कमी लागतं. भागाच्या कडेपासून २ मिमी अंतरावर, भागाला वेढा घालणारी.

मिलिपुट तीन-चार तासांत कडक होते, ग्रीन स्टफला रात्रभर द्या. घाई म्हणून साचा दिव्याखाली किंवा हीटरजवळ ठेवू नका. पुट्टी लवकर घट्ट होते हे खरं, पण साचाही मऊ पडतो. ग्रीन स्टफच्या बाबतीत एक कामाची युक्ती: पूर्ण घट्ट व्हायच्या आधी, म्हणजे नखाने ठसा उमटत नाही पण वाकवली तर वाकते अशा अवस्थेत, पातळ चिन्ह साच्यातून काढा आणि गोल खांदाकवचावर सुपरग्लूने लपेटून चिकटवा. सपाट साच्यातून गोल पृष्ठभागावरची नक्षी याच वाटेने येते.

खांदाकवच स्वतः ओतायचं असेल तर त्याची बाहेरची बाजू साच्यात घ्या, पुट्टीचा १ ते १.५ मिमी थर भिंतीला चोळून बसवा आणि आतून तेल लावलेल्या गोल टोकाच्या हत्याराने दाबा. आतली बाजू तंतोतंत यायची गरज नाही, ती हातावर झाकली जाते.

पारदर्शक मऊ साचा असेल तर अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं रेझिनही भरता येतं. ते १ ते २ मिमीच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी प्रकाश देऊन घट्ट करा. जाड थर आतून ओला राहतो.

सिलिकॉनचा साचा

प्रती वीस-तीस हव्या असतील किंवा कडा किटच्या भागाइतक्या धारदार हव्या असतील तर सिलिकॉनचा साचा आणि पॉलियुरेथेन रेझिन, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा द्रव. वेळ जास्त लागतो, पण एकदा साचा जमला की ओतायला मिनिटं पुरतात.

सिलिकॉन दोन जातींचं. टिनने घट्ट होणारं कमी कुरकूर करतं, जवळपास कुठल्याही मूळ भागावर जमतं, मात्र कालांतराने किंचित आकसतं आणि साचा काही वर्षांत ठिसूळ होतो. प्लॅटिनमने घट्ट होणारं जवळजवळ आकसत नाही आणि साचा जास्त टिकतो. पण ते नाजूक असतं: गंधक असलेली प्लॅस्टिसिन, लॅटेक्सचे हातमोजे, टिन सिलिकॉनचे अवशेष, अर्धवट घट्ट झालेली एपॉक्सी पुट्टी, थ्रीडी प्रिंटचं नीट न सुकलेलं रेझिन, यांपैकी काहीही लागलं की ते तिथे कायमचं चिकट राहतं. मूळ भाग पुट्टीचा किंवा थ्रीडी प्रिंटचा असेल तर टिनचं घ्या, किंवा भाग पूर्ण घट्ट करून त्यावर ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात द्या आणि तरीही न दिसणाऱ्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून आधी पाहा. मऊपणा शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप, डब्यावर लिहिलेलं असतं) २० ते ३० च्या दरम्यान असावा. त्याहून मऊ साचा रबरबँडखाली दबतो, कडक साच्यातून पातळ भाग सोडवताना तुटतो.

पेटी प्लॅस्टिकच्या खेळण्याच्या ठोकळ्यांची करा, हवी तेवढी लहान-मोठी होते. भागाभोवती चहूबाजूंनी ८ ते १० मिमी जागा ठेवा. तळाशी गंधकविरहित प्लॅस्टिसिन पसरा आणि भाग पेन्सिलीच्या रेघेपर्यंत त्यात रोवा. भागाच्या कडेला प्लॅस्टिसिन काटकोनात भिडली पाहिजे. तिथे फट राहिली तर सिलिकॉन खाली घुसतं, आणि ती वर चढलेली असेल तर रेघेच्या जागी पायरी तयार होते. या एका कामाला अर्धा तास गेला तरी चालेल. पूर्ण साच्यात याहून मोलाचा अर्धा तास नाही. शेवटी कोपऱ्यांत खळगे पाडा.

रेझिन आत जायची वाट भागाच्या न दिसणाऱ्या टोकाला काढा: मानेची खुंटी, मनगट, पिशवीचा तळ. ३ ते ४ मिमी जाडीचा प्लॅस्टिकचा दांडा लावला की वाट तयार. हवेची वाट, १ मिमीची, भागाच्या प्रत्येक उंच टोकापासून वर न्या. साचा ओतताना ज्या स्थितीत उभा राहील त्या स्थितीत उंच टोकं कोणती हे पाहायचं, प्लॅस्टिसिनवर आडवा पडलेला असताना नव्हे. बंदूक उलटी ओतली तर नळीचं टोक वर येतं आणि तिथे बुडबुडा अडकतो. नळी खाली करून दस्त्याकडून ओता.

सिलिकॉन किती लागेल हे मोजून काढा. पेटी आतून ४० मिमी बाय ३० मिमी आणि एका अर्ध्याची उंची १२ मिमी असेल तर घनफळ १४,४०० घन मिमी, म्हणजे १४.४ मिली. सिलिकॉनचं वजन मिलीला साधारण १.१ ग्रॅम, म्हणजे १६ ग्रॅम. भांड्याला चिकटणारं धरून १८ ग्रॅम घ्या. जिथे शंभर भागांना तीन भाग हार्डनर असतो तिथे १८ ग्रॅमला ०.५४ ग्रॅम लागतो. इतक्या लहान मापात स्वयंपाकाचा काटा निरुपयोगी आहे, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. तो नसेल तर समान भागांनी मिसळणारं सिलिकॉन घ्या, त्यात बारीक चूक खपते. प्रमाण नेहमी डब्यावर लिहिलेलंच. हार्डनर वाढवून काम लवकर उरकतं, पण साचा ठिसूळ होतो.

ढवळताना भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत राहा, हवा घुसळू नका. मग थोडं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. कडेला चिकटलेलं कच्चं सिलिकॉन साच्यात जाऊन चिकट डाग पडतात, ते याने टळतं. पहिला हात मऊ ब्रशने मूळ भागावर लावा, सगळे कोपरे भरा. उरलेलं पेटीच्या एका कोपऱ्यात, निदान ३० सेंमी उंचीवरून मधाच्या धारेसारखं बारीक सोडा. धार ताणली जाते तेव्हा तिच्यातले बुडबुडे फुटतात. थेट भागावर ओतू नका, पातळी हळूहळू चढून भागाला झाकू द्या.

निर्वात पंप आणि त्याची टाकी असेल तर मिश्रण आधी टाकीत ठेवून बुडबुडे काढा, पण भांडं निदान चौपट मोठं घ्या. फेस चढतो आणि बाहेर सांडतो.

पहिला अर्धा घट्ट झाल्यावर पेटी उलटी करा, प्लॅस्टिसिन काढा, भाग जागचा हलू देऊ नका. कापसाच्या काडीने उरलेले कण पुसा. आता उघड्या सिलिकॉनवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात किंवा सिलिकॉनसाठीचं रिलीज स्प्रे. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनशी कायमचं जुळतं. खळग्यांच्या आतही हात पोचला पाहिजे, सुटलेला एक खळगा साचा फाडायला पुरतो. मग दुसरा अर्धा ओता आणि डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या.

साध्या लांबट भागांसाठी, हात, चाकू, पाउच यांच्यासाठी, आणखी एक जवळची वाट आहे. भाग दांड्यावर उभा करून सगळीकडून एकदम सिलिकॉन ओता आणि घट्ट झाल्यावर एका बाजूने धारदार सर्जिकल पात्याने नागमोडी कापून भाग काढा. नागमोडी काप आपोआप जुळतो, खळग्यांची गरज पडत नाही. अर्धपारदर्शक सिलिकॉन घेतलं तर आतला भाग दिसतो आणि काप हव्या त्या कडेवरून नेता येतो.

रेझिन ओतणं

पॉलियुरेथेन रेझिनच्या एका भागात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. खिडक्या उघड्या ठेवा, सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा लावा. वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका. ओलावा या रेझिनचा शत्रू आहे: पाण्याशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि प्रत फेसाळते. धुतलेला साचा पूर्ण वाळलेला हवा, ढवळायला लाकडी काडीपेक्षा प्लॅस्टिकची बरी, आणि बाटल्यांची झाकणं ओतून झाल्याबरोबर घट्ट लावायची. भर पावसाळी हवेत ओतल्यावर प्रत्येक प्रतीत बारीक बुडबुडे दिसले तर साच्यात दोष शोधत बसू नका.

साच्यात टाल्कम पावडर मऊ ब्रशने भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका. पावडरच्या बारीक थरामुळे रेझिन खोल कोपऱ्यांत ओढलं जातं. पावडर साचून राहिली तर मात्र बारकाई बुजते. दोन्ही अर्धे जुळवून दोन्हीकडे कडक पाट्या लावा आणि रबरबँड. घट्टपणा इतकाच की रेझिन गळू नये. जास्त आवळलं तर मऊ साचा चेपतो आणि शिरस्त्राण लंबगोल निघतं.

शिरस्त्राणाला अर्धा मिलीसुद्धा रेझिन लागत नाही, पण अर्धा मिली रेझिन अचूक मापून मिसळणं अशक्य आहे. एका वेळी निदान १० मिली मिसळा आणि तेवढ्याला पुरतील इतके साचे आधीच तयार ठेवा. मूळ भागाच्या पहिल्या पाच-सहा प्रती साफ करून त्यांना मूळ मानून एकत्र मोठा साचा करणारेही आहेत. बारकाईचा थोडा तोटा होतो, पण तुकडीभर भाग एका ओतीत निघतात.

बहुतेक वेगवान रेझिन मिसळल्यावर घट्ट व्हायला लागण्याआधी दोन-तीन मिनिटंच मिळतात. पाच ते सात मिनिटं देणारं रेझिन घ्या, सुरुवातीला ती मिनिटं अमूल्य असतात. दोन्ही भाग मोजा, अर्धा मिनिट ढवळा आणि ओता. साचा थोडा तिरका धरून बारीक धार सोडा, अर्धा भरल्यावर टेबलावर हलकेच आपटा, दाबून सोडा, मग पूर्ण भरा. हवेच्या वाटांतून रेझिन वर दिसलं की पोचलं. मिश्रण कोमट होऊन घट्ट व्हायला लागलं असेल तर ते ओतूच नका, अर्ध्या वाटेत अडकून साचा वाया घालवेल. शस्त्रांची पाती किंवा पातळ मनगटं असतील तर ओतण्याआधी साच्यात ०.५ मिमीची पितळी तार ठेवा.

भांड्यात उरलेलं रेझिन कडक झालं म्हणजे साच्यातलं झालंच असं समजू नका. रेझिन स्वतःच्या उष्णतेने घट्ट होतं. भांड्यातला जाड गोळा लवकर तापतो, पातळ तलवार तापत नाही आणि मऊ राहते. पातळ भागांना दुप्पट-तिप्पट वेळ द्या. घाईने काढलेली तलवार वाकडी झाली तर ६०-७० अंशांच्या पाण्यात बुडवून सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात घाला.

बुडबुडे दर वेळी त्याच जागी येत असतील तर तिथे हवा कोंडते आहे. त्या टोकापासून पात्याने नवी वाट कोरा. जागा बदलत असतील तर ढवळण्यात किंवा ओलाव्यात चूक आहे. दाबाची टाकी असेल तर ४० ते ६० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाबाखाली बुडबुडे दिसेनासे होतात, मात्र टाकी त्या दाबासाठीच बनवलेली हवी. घरगुती प्रेशर कुकरवर हे प्रयोग जिवावर बेतू शकतात.

साफ करून बसवणं

प्रतींवर तेल, जेली, पावडर असतं. साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्याशिवाय प्रायमर धरत नाही. सांध्याची रेघ चाकूच्या धारेच्या पाठीने ओढून काढा, कापू नका. रेझिन नेहमी ओलं घासा आणि धुळीचा मास्क लावा, त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ नये. टाचणीएवढे बुडबुडे सुपरग्लूचा थेंब आणि त्यावर चिमूटभर बेकिंग सोडा टाकून भरा. ते क्षणात कडक होतं आणि लगेच घासता येतं. मोठा खळगा असेल तर पुट्टी.

किटचं प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद (प्लॅस्टिक सिमेंट) रेझिन आणि पुट्टीला चिकटत नाही, कारण तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो. सुपरग्लू वापरा. हात, शस्त्र, डोकं यांना ०.८ मिमीचं भोक पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) पाडून तारेचा तुकडा घाला. दोन्ही भोकं जुळावीत म्हणून एका बाजूला रंगाचा ठिपका लावून भाग टेकवा, ठिपका उमटेल तिथे दुसरं भोक.

सिलिकॉनचा साचा वापरागणिक झिजतो. आतला चकचकीतपणा जाऊन पृष्ठभाग निस्तेज दिसू लागला आणि प्रत काढताना बारीक उंचवटे फाटून येऊ लागले की तो संपत आलेला असतो. सलग ओतण्याऐवजी मध्ये तो गार होऊ द्या. ठेवताना दोन्ही अर्धे जुळवून, सपाट, उन्हापासून दूर आणि रबरबँड न लावता ठेवा. आवळून ठेवलेला साचा काही महिन्यांत तसाच चेपलेला राहतो. मूळ भाग मात्र जपा, वेगळ्या डबीत, कुठल्या सिलिकॉनने आणि कुठल्या बाजूने सांधा घेऊन साचा केला हे लिहिलेली चिठ्ठी घालून.